उतारा, उत्तर आणि उत्तरदायित्व

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षांत भाषांतराला एकही गुण नसतो. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ असो वा महाराष्ट्र शासनाच्या सीईटी कक्षाची एमबीए प्रवेशपरीक्षा असो, इंग्रजी उतारा, त्याखालचे प्रश्न आणि बहुतेक प्रश्नांसोबत दिलेले पर्याय, एवढाच तेथील भाषाव्यवहार. मराठीला तेथे स्थान नाही. असे असूनही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची तयारी जवळून पाहिली तर तिचा फार मोठा भाग भाषांतराचाच असतो. इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख समोर ठेवायचा, अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची, समासात मराठी अर्थ लिहायचा आणि मग सबंध वाक्य मनातल्या मनात मराठीत फिरवून पाहायचे, ही पद्धत कोणत्याही माहितीपत्रकात सांगितलेली नसते. तरी ती चालत आलेली आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आजोबांना नातवाची ही वही अपरिचित वाटणार नाही. परीक्षेच्या दृष्टीने मात्र हे सारे भाषांतर अदृश्य आहे. इमारत उभी राहिल्यावर परांची काढून घ्यावी तशी मराठी काढून घेतली जाते. ह्या अदृश्य भाषांतराचे नैतिक स्वरूप काय, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

वाचनाच्या संदर्भात ‘नैतिक’ हा शब्द आला की आशयातील बोधाकडे लक्ष जाते. येथे त्या अर्थाने तो योजलेला नाही. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या सोयीने न वाकवता समजून घेणे, आणि समजले ते तिसऱ्याला सांगताना त्याची जबाबदारी स्वतःवर घेणे, ह्या दोन गोष्टी वाचनाच्या क्रियेत अंतर्भूत असतात. पहिलीला आकलन म्हणता येईल. दुसरीला मराठीत नेमका शब्द नाही. ‘उत्तरदायित्व’ हा जड शब्द तूर्त चालवून घ्यावा लागेल. प्रवेशपरीक्षा पहिलीची कसोटी घेते. दुसरीचे तेथे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तेथे पूर्णगड वसले आहे. खाडीच्या मुखावर लहानसा किल्ला, मासेमारी, आंब्याच्या बागा, आणि पलीकडच्या गावखडीकडे नेणारा पूल. अशा गावातल्या प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेला, पुढे रत्नागिरीत वाणिज्य शाखेची पदवी घेऊन व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेला बसणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. कोणी एक व्यक्ती म्हणून नव्हे, तर कोकणातल्या कोणत्याही तालुक्यात आढळेल असा नमुना म्हणून. त्याच्यापुढे येणारा उतारा वस्तुसंग्रहालयांच्या इतिहासाविषयी असू शकतो, पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी असू शकतो, बाजारपेठेच्या मानसशास्त्राविषयी असू शकतो. एमबीएच्या सीईटीत गेल्या अनेक वर्षांच्या स्वरूपानुसार दोनशे प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे सरासरी ४५ सेकंद, असा हिशेब पडतो. ‘कॅट’मध्ये २०२०पासून प्रत्येक विभागाला ४० मिनिटे असतात, बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो.

ह्या गुणपद्धतीकडे केवळ हिशेब म्हणून पाहू नये. तिच्यात अर्थाविषयीची एक भूमिका दडलेली आहे. ‘कॅट’मध्ये चुकीच्या अर्थाला दंड आहे, पण अर्थ न लावण्याला नाही. प्रश्न सोडून देणारा शून्यावर सुरक्षित राहतो. सीईटीत चुकीलाही दंड नाही, त्यामुळे तेथे अर्थ न लावता काहीतरी खूण करून पुढे जाणे हेच शहाणपणाचे ठरते. एका ठिकाणी मौन निर्धास्त, दुसऱ्या ठिकाणी बडबड निर्धास्त. भाषांतरकाराला ह्या दोन्ही सोयी नाहीत. वाक्य गाळले तर मूळ शेजारी ठेवताच ते गाळल्याचे दिसते. ठोकून दिले तर तेही दिसते. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी लिहिणारा पूर्णगडचा तो मुलगा परीक्षागृहातील स्वतःपेक्षा कितीतरी कठोर नियमांनी बांधलेला असतो, आणि हे नियम त्याला कोणीही घालून दिलेले नसतात.

उताऱ्याचे रूपही विचारात घेण्याजोगे आहे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिसादांतून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध झाला, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. नाव झाकण्यामागे वाचकाला नावाच्या दडपणातून सोडवण्याचा हेतू होता. वाचकाने चुकावे, आणि त्या चुकांतूनच वाचनाविषयी काही कळावे, अशी ती योजना होती. प्रवेशपरीक्षेतील उताऱ्यालाही नाव नसते, किंबहुना मूळ लेखातून तो कापूनच घेतलेला असतो. पण प्रश्न मात्र सतत लेखकाविषयी असतात. लेखकाचा दृष्टिकोन कोणता, लेखक पुढीलपैकी कोणत्या विधानाशी सहमत होईल, लेखकाचा सूर उपरोधाचा की खेदाचा. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूचा आधार घेणे हा दोष ठरवला, रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, आणि त्यानंतर मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतही हे सिद्धान्त शिकवले जाऊ लागले. तिकडे प्रवेशपरीक्षेच्या सभागृहात तोच लेखक, नाव गमावून का होईना, पूर्ण सत्तेनिशी बसलेला आहे. त्याचा हेतू एकच आहे, तो निश्चित आहे, आणि चार पर्यायांपैकी एकात तो मावतो.

ह्या विसंगतीला हसून पुढे जाणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. चांगल्या प्रश्नपत्रिकेतील चांगला प्रश्न वाचकाकडून खरोखर मोलाची गोष्ट मागतो. उताऱ्यात एखाद्या धोरणाचे समर्थन आहे. विद्यार्थ्याला ते धोरण अजिबात मान्य नाही. तरीही लेखकाला काय म्हणायचे आहे ते त्याने स्वतःच्या मतापासून वेगळे करून सांगायचे आहे. स्वमत आणि परमत यांची अशी निवड करता येणे ही सामान्य सिद्धी नव्हे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये, हा भारतीय वादपरंपरेतील संकेत ह्याच शिस्तीचा आहे. वाचकाने संहितेत हवे ते पाहावे इतक्या उथळ रूपात वाचककेंद्री समीक्षा मराठीत ज्यांनी आत्मसात केली, त्यांनी हा प्रकारचा एखादा प्रश्नसंच सोडवून पाहायला हरकत नाही.

मग उणीव कोठे आहे? शिकवणीवर्गांत सर्रास दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्यात ती स्पष्ट दिसते: मनात भाषांतर करू नका, इंग्रजीतच विचार करा. वेळेच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे. पंचेचाळीस सेकंदांत दोन भाषांची ये-जा परवडत नाही. मात्र ह्या सल्ल्यामागे असे गृहीत धरलेले असते की भाषांतर ही केवळ रेंगाळण्याची क्रिया आहे, आकलन आधी होऊन चुकते आणि भाषांतर मागाहून ओझ्यासारखे येते. प्रत्यक्षात पुष्कळदा भाषांतराच्या खटाटोपातच आकलन घडते. एक साधे उदाहरण घ्यावे. इंग्रजीतील ‘मे’, ‘माइट’, ‘वुड’, ‘मस्ट’ ही साहाय्यक क्रियापदे सफाईने वाचणाऱ्याच्या नजरेखालून निसटून जातात. मराठीत उतरवू लागताच मात्र अडते. ‘असू शकेल’, ‘असेल’, ‘असावे’, ‘असणार’, ‘असलेच पाहिजे’ यांपैकी काय घ्यायचे? ‘तो घरी असेल’ म्हणणारा अंदाज करतो. ‘तो घरी असावा’ म्हणणाऱ्याजवळ अंदाजाला काही खूण आहे, दारातली चप्पल का होईना. ‘तो घरी असणार’ म्हणणारा जवळजवळ पैज लावतो. मराठी क्रियापद बोलणाऱ्याला आपल्या खात्रीचे प्रमाण उघड करायला लावते. ‘माइट’ला यांपैकी एक रूप द्यायचे म्हणजे लेखकाची खात्री किती, ह्याविषयी निर्णय घ्यायचा. सुराविषयीच्या ज्या प्रश्नावर विद्यार्थी हमखास घसरतात, त्याचे उत्तर ह्या निर्णयातच असते. भाषांतर करणारा तेथे मंद नसतो. दुसरा जेथे थांबला नाही तेथे तो थांबलेला असतो.

पर्यायांतून निवडणे आणि वाक्य रचणे ह्यांत भेद आहे तो असा. पर्याय ओळखायचा असतो. तो दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि त्याच्या शब्दांची जबाबदारी निवडणाऱ्यावर येत नाही. भाषांतरात ‘असावे’ हा शब्द विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला असतो. तो चुकला तर त्याच्याच नावावर चुकतो. ‘झेविअर ॲप्टिट्यूड टेस्ट’मध्ये निर्णयक्षमतेचा स्वतंत्र विभाग असतो, त्यात व्यवस्थापकापुढचे पेच, काही सरळसरळ नैतिक पेचसुद्धा, पर्यायांसह मांडलेले असतात. योग्य कृती कोणती ते ओळखा. कृती ओळखणाऱ्याला ती करावी लागत नाही, हे तेथे अधिकच ठळक होते. (केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची तीनशे गुणांची अनिवार्य प्रश्नपत्रिका असते, तीत इंग्रजीतून मराठीत आणि उलट असे भाषांतर हाताने लिहावे लागते; पण तिचे गुण गुणवत्तायादीत धरले जात नाहीत, किमान गुण मिळवले की पुरे. भाषांतर तेथे दिसते, मोजले जात नाही.)

ह्यावर वाङ्मयाच्या अभ्यासकाची एक प्रतिक्रिया ठरलेली असते: परीक्षार्थी वाचन हे वाचनच नव्हे, ते पोटार्थी आहे. ही प्रतिक्रिया नाकारली पाहिजे. पूर्णगडच्या मुलाला ह्या परीक्षेतून जे मिळवायचे आहे ते क्षुल्लक नाही. घरातील पहिलाच पदवीधर असेल तर एका उताऱ्यावरचे तीन गुण सबंध कुटुंबाचा पुढचा मुक्काम ठरवू शकतात. शिवाय साहित्याच्या विभागांनी ह्या बाबतीत फार उंचावरून बोलू नये. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांवर जेथे एम.ए.चे वर्ग उत्तीर्ण होतात, मूळ कादंबरी न उघडता तिच्यातील आशयसूत्रांवर पंधरा गुणांचे उत्तर जेथे लिहिले जाते, तेथील वाचन तरी कोणत्या अर्थाने निरपेक्ष आहे? प्रवेशपरीक्षेचा विद्यार्थी निदान उतारा वाचतो.

तेव्हा प्रश्न हेतूच्या शुद्धतेचा नाही. तो दिशेचा आहे: वाचलेले कोणाकडे न्यायचे आहे? पूर्णगडच्या उत्तरेला, जवळच, पावस आहे. तेथे रामचंद्र विष्णू गोडबोले, म्हणजेच स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४), यांनी ज्ञानेश्वरीचे अभंगांत रूपांतर केले. शके १२१२ मधील मराठी विसाव्या शतकातील मराठी माणसाला कळेनाशी झाली होती, म्हणून मराठीचेच मराठीत भाषांतर करण्याची ही खटपट. मुळात ज्ञानेश्वरी स्वतःच संस्कृतातून मराठीत आणण्याची कृती आहे. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. प्रवेशपरीक्षेच्या निकषाने पाहिले तर हा सारांशाच्या प्रश्नाचा अत्यंत चुकीचा पर्याय ठरेल: मुळात नसलेले दृष्टान्त घातले, विस्तार केला, मर्यादा ओलांडली. हा विस्तार मुळाशी झालेला द्रोह मानायचा का? परंपरेने तसे मानले नाही, कारण ज्ञानेश्वरांपुढे श्रोते बसलेले होते आणि त्यांना कळले की नाही ही कसोटी होती. एखादा दृष्टान्त पुरला नाही तर दुसरा द्यावा लागे. अर्थ पुरेसा पोहोचला का, हे ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे होता. प्रवेशपरीक्षेच्या उताऱ्यापुढे कोणी श्रोता नाही. अर्थ वाचकापर्यंत येतो आणि एका वर्तुळात टिंब होऊन थांबतो. आता तर संगणकाच्या पडद्यावरची एक टिचकी होऊन.

‘कॅट’मध्ये परिच्छेदाचा सारांश निवडण्याचा प्रश्न नेमाने येतो. लांबलचक मजकुराचा गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे ओळखण्याची ती कसोटी आहे. व्यवस्थापकाला हे कौशल्य लागते यात शंका नाही. परंतु सारांश कोणाकरिता, हा प्रश्न सोडवल्याशिवाय गाभा आणि टरफल यांची विभागणी करताच येत नाही. ह्याचा पडताळा पाहायला पूर्णगडपासून दूर जावे लागत नाही. ह्याच किनाऱ्यावर, खाली राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन येथे २०१० साली पर्यावरणीय जनसुनावणी झाली. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार अशा सुनावणीपूर्वी पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. सारांश स्थानिक भाषेत. सबंध अहवालाचे स्थानिक भाषेत भाषांतर करण्याचे बंधन नाही. अहवाल वेळेवर, कळेल अशा भाषेत हाती आला नाही, ही ग्रामस्थांची त्या वेळची तक्रार होती. पुढे २०२०मध्ये त्या अधिसूचनेच्या जागी आणावयाच्या नव्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत त्याचे भाषांतर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, आणि त्या आदेशाविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. शेकडो पानांच्या अहवालातून काही पानांचा सारांश करताना मासळीच्या प्रजननाविषयीचा परिच्छेद गाभ्यात धरायचा की टरफलात, हे ठरवणारा कोणीतरी असतो. तो बहुधा इंग्रजी उतारे उत्तम सोडवून आलेला असतो.

त्याच्यापुढे ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द हमखास येणार. व्यवस्थापनशास्त्रात ह्याच्याइतका वापरून गुळगुळीत झालेला शब्द क्वचितच सापडेल. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ मोठा गमतीचा: पैज लावणाऱ्या दोघांची रक्कम ज्याच्या हाती ठेवली जाते तो तिऱ्हाईत, म्हणजे ज्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नाही असा मनुष्य. आज नेमके उलट झाले आहे. कंपनी, तिला कर्ज देणारी बँक, शासन, कंत्राटदार, आणि खाडीत जाळे टाकणारा, हे सारे इंग्रजीत एकाच शब्दाखाली सुखाने नांदतात. इंग्रजीतच विचार करणाऱ्या परीक्षार्थ्याला येथे थांबण्याचे कारण नाही. शब्द ओळखीचा आहे, पुढच्या ओळीकडे जावे. मराठीत आणू पाहणारा मात्र अडतो. ‘भागधारक’ म्हणावे तर तो शेअर बाळगणारा झाला. ‘हितसंबंधी’ म्हणावे तर मराठीत हितसंबंध ह्या शब्दाला लबाडीचा वास आहे; जाळे टाकणाऱ्याला हितसंबंधी म्हणणे ही शिवी होईल. ‘संबंधित’ हा सरकारी शब्द कोणालाच दुखावत नाही, कारण तो कोणाविषयीच काही सांगत नाही. आणि ‘प्रकल्पबाधित’ म्हटले की कंपनी आणि बँक त्या शब्दातून बाहेर पडतात, एकटा मच्छीमार आत उरतो. इंग्रजी शब्दाने सर्वांना एका पंगतीत बसवले होते. मराठी शब्द निवडताच पंगत मोडते आणि कोणाचे पोट भरले आहे, कोणाचे रिकामे आहे, ते दिसू लागते. भाषांतराने इथे अर्थ बिघडवला असे म्हणता येईल. इंग्रजीने जे झाकले होते ते उघडे पाडले, असेही म्हणता येईल. दुसरे म्हणणे अधिक खरे आहे.

चौथा मार्ग वृत्तपत्रांनी स्वीकारलेला: ‘स्टेकहोल्डर’ जसाच्या तसा देवनागरीत लिहायचा. त्याला सरसकट आळस म्हणू नये. एखादी संकल्पना आपल्या भाषेत अजून रुजलेली नाही अशी ती कबुली असू शकते, आणि ‘रेल्वे’ वा ‘बँक’ याच वाटेने मराठी झाले. तथापि रेल्वेत बसणाऱ्याला ती दिसत होती. जनसुनावणीच्या मांडवात बसलेल्याला ‘स्टेकहोल्डर’ दिसत नाही, आणि तो शब्द आपल्यालाच उद्देशून आहे हेही त्याला कळत नाही.

मराठी गद्याच्या घडणीत भाषांतराचा वाटा किती मोठा, हे सांगण्याची येथे आवश्यकता नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी जॉन्सनचा ‘रासेलस’ मराठीत आणायला घेतला आणि विष्णुशास्त्र्यांनी तो पुरा केला, तेव्हा इंग्रजी उत्तम येणारे दोन पिढ्यांचे हे विद्वान इंग्रजी न येणाऱ्याकडे तोंड करून बसलेले होते. तर्खडकरांच्या पाठमालेतील विद्यार्थ्याचे तोंड इंग्रजीकडे होते. दोन्ही उद्योग आवश्यक होते आणि पुष्कळदा एकाच घरात, एकाच कंदिलाखाली चालत. प्रवेशपरीक्षेच्या तयारीत दुसरा उद्योग उरला, पहिला गळून पडला. तो गळावा असे परीक्षेने कोठेही म्हटलेले नाही. तिने फक्त त्याला गुण ठेवले नाहीत, आणि पंचेचाळीस सेकंद ठेवले.

परीक्षा संपल्यावर त्या वहीचे काय होते, हा म्हणून गौण प्रश्न नव्हे. तीत काही शे इंग्रजी परिच्छेदांच्या समोर अडखळत लिहिलेली मराठी वाक्ये आहेत, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. ‘स्टेकहोल्डर’समोर आधी ‘हितसंबंधी’ लिहून खोडलेले असेल, मग ‘संबंधित’ लिहून तेही खोडलेले असेल, आणि शेवटी पेन्सिलीने, समासाबाहेर जात, ‘ज्याचे काही पणाला लागले आहे तो’ असे लांबलचक लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेले असेल. ते प्रश्नचिन्ह कोणत्याही पर्यायात बसण्यासारखे नाही. पुढे कधी त्याच मुलाकडे एखाद्या अहवालाचा मराठी सारांश तपासण्याचे काम आले, आणि मजकुरात ‘सर्व संबंधितांशी विचारविनिमय करण्यात आला’ असे वाक्य आढळले, तर त्यावर सही करण्यापूर्वी त्याला ह्या पानाची आठवण होईल किंवा होणार नाही.